नकार आणि मौन : एसएसएचचे दोन सारखे वाटणारे संदेश

दूरच्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षितपणे आत जाण्याच्या पद्धतीने, लॉगिन होत नसेल, तर पडद्यावर बहुधा ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ किंवा ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ यांपैकी एक ओळ उमटते. अडचण दोन्ही वेळा सारखीच जाणवत असल्यामुळे पुष्कळजण दोहोंवर एसएसएच सेवा रीस्टार्ट करण्याचा एकच उपाय करतात. प्रत्यक्षात दुसऱ्या ओळीच्या वेळी त्याचा क्वचितच उपयोग होतो.

जोडणीची सुरुवात सर्व्हरच्या पोर्टकडे (सेवेच्या क्रमांकित दाराकडे), सहसा २२ क्रमांकाच्या, पाठवलेल्या ‘सिन’ पॅकेटने, म्हणजे जोडणी मागणाऱ्या छोट्या संदेशाने, होते. त्या पोर्टवर कोणताही प्रोग्राम ऐकत, म्हणजे जोडणीची वाट पाहत, नसेल, तर सर्व्हरचा कर्नल (प्रणालीचा गाभा) लगेच ‘रीसेट’ पॅकेट परत पाठवतो आणि आपल्याला ‘रिफ्यूज्ड’ दिसते. नकार हेही एक उत्तरच असल्यामुळे त्या पत्त्यावरचे यंत्र चालू आहे आणि रस्ता दोन्ही दिशांनी मोकळा आहे, एवढे बहुतेक वेळा त्यातून कळते. ‘टाइम्ड आउट’मध्ये मात्र काहीच परत आलेले नसते. लिनक्स क्लायंट मूळ मांडणीनुसार तेच पॅकेट आणखी अनेक वेळा पाठवतो आणि साधारण दोन मिनिटांनी प्रयत्न सोडतो. त्यामुळे संदेश वाचण्याआधी घड्याळाकडे पाहिले, तरी निदानाची दिशा ठरते.

नकार मिळाल्यास होस्टिंग कंपनीच्या वेब कन्सोलवरून (ब्राउझरमधून थेट यंत्रापर्यंत नेणाऱ्या पडद्यावरून) आत जाऊन ‘एसएस’ आज्ञेने कोणते पोर्ट ऐकते आहे ते पाहावे. कॉन्फिग फाइलमधील एखाद्या चुकीमुळे सेवा उठलीच नसेल, तर ‘एसएसएचडी’ला (सर्व्हरवरच्या एसएसएच प्रोग्रामला) ‘उणे टी’ हा पर्याय देऊन चालवल्यास चुकीची ओळ समजते. उबुंटूमध्ये २२.१० आवृत्तीपासून पोर्ट ऐकण्याचे काम सिस्टिमडीच्या (सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) सॉकेटकडे गेले आहे. त्यामुळे फाइलमध्ये पोर्ट बदलून केवळ सेवा रीस्टार्ट करणारा माणूस नव्या पोर्टवर नकार घेत बसतो.

तथापि प्रत्येक नकार सेवा बंद असल्याचा पुरावा नसतो, आणि खरी फसगत येथेच होते. फायरवॉलचा, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट गाळणाऱ्या पहारेकऱ्याचा, ‘रिजेक्ट’ नियमही असाच नकार देऊ शकतो. फेल२बॅन हे साधन तर पासवर्ड वारंवार चुकवणाऱ्या आयपीला (नेटवर्कवरच्या पत्त्याला) आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलच्या मूळ मांडणीत याच पद्धतीने अडवते, त्यामुळे सेवा ठणठणीत असूनही केवळ आपल्यालाच ती बंद भासते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे वेगळ्या आयपीवरून, प्रयत्न केल्यास हा संशय मिनिटभरात फिटतो. शिवाय क्लाउडवरचा जुना आयपी दुसऱ्या कुणाला मिळालेला असेल, तर नकार देणारे यंत्र आपले नसण्याचीही शक्यता असते.

मौनाची कारणे बहुतांशी वाटेवर सापडतात. ॲमेझॉनच्या क्लाउडमधील सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे तेथील फायरवॉल, नियमात न बसणारे पॅकेट गुपचूप टाकून देतो; नियमात फक्त घरच्या ब्रॉडबँडचा आयपी असेल आणि तो रात्रीतून बदलला, की काल चालणारे लॉगिन आज गप्प होते. ॲमेझॉनच्या क्लाउडमधले यंत्र थांबवून पुन्हा सुरू केल्यास, इलास्टिक आयपी (कायम राहणारा पत्ता) घेतलेला नसेल तर, सार्वजनिक पत्ताही बदलतो. काही कार्यालयांच्या नेटवर्कमधून २२ क्रमांकाचे पोर्ट बाहेर जाऊच दिले जात नाही. पिंगला (यंत्र पोहोचते का हे तपासणाऱ्या संदेशाला) उत्तर आले नाही म्हणून सर्व्हर बंद आहे, असे मात्र समजू नये, कारण पिंग अनेक ठिकाणी मुद्दाम अडवलेले असते.

मौनाचा माग काढण्यासाठी कन्सोलवर ‘टीसीपीडंप’ हे पॅकेटांची ये-जा दाखवणारे साधन लावून बाहेरून पुन्हा लॉगिनचा प्रयत्न करावा. हे साधन येणारी पॅकेट सर्व्हरच्या स्वतःच्या आयपीटेबल्स नियमांपूर्वीच पाहते. म्हणून ‘सिन’ दिसत असूनही उत्तर जात नसेल, तर सर्व्हरवरचा ‘ड्रॉप’, म्हणजे पॅकेट गुपचूप टाकून देणारा, नियम तपासावा. उत्तर निघूनही पोहोचत नसेल, तर परतीचा मार्ग पाहावा. आणि ‘सिन’ दिसतच नसेल, तर सर्व्हरवरच्या फाइली न चाळता पत्ता, क्लाउडचे नियम आणि आपले स्वतःचे नेटवर्क तपासावे.