गर्भावस्थेतील प्रतिजैविकरोधी जीवाणूंची वाहकता

आजाराचे कोणतेही लक्षण नसताना गर्भवतीच्या आतड्यात, योनिमार्गात किंवा मूत्रमार्गात प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंचा वास असणे, या स्थितीस प्रतिजैविकरोधी जीवाणूंची वाहकता म्हणतात. वाहकता म्हणजे संसर्ग नव्हे. अशी स्त्री आजारी नसते आणि तिला दोष देण्याचे काहीच कारण नसते.

या जीवाणूंत ई. कोलाय व क्लेब्सिएला हे प्रमुख होत. त्यांचे काही प्रकार ‘ईएसबीएल’ नावाची विकरे (एन्झाइम) तयार करतात व पेनिसिलीन आणि बहुतेक सेफॅलोस्पोरीन औषधे निकामी करतात. या विकरांची जनुके बहुधा प्लास्मिडवर, म्हणजे जीवाणूतील डीएनएच्या सुट्या वर्तुळावर, असल्याने ती एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातात. गर्भावस्थेत हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण टेट्रासायक्लीन बाळाच्या दातांना व हाडांना बाधते, फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधे टाळली जातात आणि नायट्रोफ्युरँटॉइन प्रसूती जवळ आल्यावर देत नाहीत. मग डॉक्टरांच्या हाती मुख्यतः पेनिसिलीन व सेफॅलोस्पोरीन हीच औषधे उरतात आणि ईएसबीएलचा घाव नेमका त्यांवरच बसतो.

गर्भावस्थेत प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढत्या गर्भाशयाचा त्यांवर दाब येतो आणि लघवी साचून राहते. सुमारे 2 ते 10 टक्के गर्भवतींच्या लघवीत त्रास नसतानाही जीवाणू आढळतात. 1 मिलिलिटरमागे 1 लाख जीवाणू ही त्यासाठीची रूढ मर्यादा आहे. उपचार न झाल्यास यांपैकी चौथ्या हिश्शापर्यंत स्त्रियांना मूत्रपिंडाचा संसर्ग होऊ शकतो. सोलापुरात विड्या वळणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळत असल्याने सूप मांडीवर घेतलेली बाई बैठक सहसा मोडत नाही. पाणी कमी पिणे आणि लघवी रोखून धरणे या दोन्ही गोष्टी मूत्रसंसर्गाला पोषक ठरतात.

निदानासाठी लघवीची कल्चर तपासणी करतात, म्हणजे तिच्यातील जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहतात. पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक बाटलीत घेतात. जीवाणू वाढवलेल्या ताटलीवर औषधांच्या कागदी चकत्या ठेवतात; औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते, जीवाणू रोधक असेल तर वाढ थेट चकतीला भिडते. अहवालास साधारण दोन दिवस लागतात. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो आणि अनुकूल स्थितीत ई. कोलाय सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतो. त्यामुळे बाटली दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचली नाही किंवा फ्रीजमध्ये ठेवली नाही, तर जीवाणूंची संख्या खोटी फुगते आणि गरज नसलेले औषध सुरू होते. ही चूक साधी दिसते, पण रोधकतेला खतपाणी घालणारी आहे.

आधी घेतलेल्या प्रतिजैविकांचा इतिहास येथे फार मोलाचा असतो. अनेक प्रतिजैविके 2014 पासून औषध नियमांतील ‘एच-1’ अनुसूचीत (यादीत) असून ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पाकिटावरील उभी लाल रेषा हीच सूचना देते. पण दुकानातून पट्टी कापून दिलेल्या दोन गोळ्यांवर ना नाव उरते ना रेषा, आणि तपासणीच्या वेळी ‘पांढरी गोळी होती’ एवढेच उत्तर मिळते.

आतड्यातील निव्वळ वाहकतेवर प्रतिजैविक देत नाहीत, कारण त्याने दाद देणारे जीवाणू मरतात आणि रोधकांना रान मोकळे मिळते. लघवीतील जीवाणूंवर मात्र कल्चर पाहून उपचार करतात व पुन्हा तपासणी करतात.

प्रसूतीच्या वेळी आईचे जीवाणू बाळाकडे जाणे स्वाभाविक आहे. धोका मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांना असतो. दिल्लीतील तीन रुग्णालयांत 2011 ते 2014 या काळात झालेल्या अभ्यासात नवजातांच्या रक्तसंसर्गात असिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला व ई. कोलाय हे प्रमुख आढळले व त्यांतील बरेच बहुऔषधरोधी होते. तरीही प्रत्येक संसर्गाचा उगम आईकडेच शोधणे चुकीचे ठरेल. न धुतलेले हात आणि नीट निर्जंतुक न केलेल्या नळ्याही तितक्याच कारणीभूत असतात.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने अक्कलकोट, बार्शी किंवा सीमेपलीकडील विजयपूर येथे सासर असलेली स्त्री सातव्या-आठव्या महिन्यात सोलापुरात येते आणि तिची फाइल पुष्कळदा सासरीच राहते. प्रसूतीत ताप आल्यास कोणते औषध लागू पडणार नाही, हे सांगणारा कागद त्या फाइलीतच असतो.