टायर खाणारी पिकअप

दिवाळीला दाजींकडे गेलो, तर अंगणात पिकअप जॅकवर चढवलेली. मागचे दोन्ही टायर १८,००० किलोमीटरमध्येच आतल्या कडेने पार गोटा झालेले. बाहेरच्या कडेची नक्षी मात्र बऱ्यापैकी शाबूत. "गाडी टायर खातेय," दाजी म्हणाले. टायरवाल्याचं निदान तयार होतं: माल खराब निघाला, नवे टाका आणि नायट्रोजन भरा. बंपरला लिंबू-मिरची होतीच. मी अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांची दिशा जुळवण्याचं विचारलं, तर म्हणाले, "ती पुढच्या चाकांची असते रे. मागच्यांना कुठली?"

हे अर्धंच खरं. पुढच्या चाकांची दिशा नट फिरवून बदलता येते. पिकअपची मागची दोन्ही चाकं मात्र एकाच जाड पोलादी हाउसिंगच्या, म्हणजे मागच्या आसाच्या आवरणाच्या, दोन टोकांना असतात आणि ते हाउसिंग यू-बोल्टने स्प्रिंगच्या पाट्यांना आवळलेलं असतं. फिरवायला नटच नाही, म्हणून अलाइनमेंटवाला मागे फिरकत नाही. पण नट नाही म्हणजे कोन बिघडणार नाही, असं थोडंच आहे?

समजा, मागचं एक चाक सरळ पुढे न बघता एक अंश बाहेर बघतंय. शाळेतली ज्या (साइन) आठवा: एक अंशाची ज्या साधारण ०.०१७५. म्हणजे चाकाला जिकडे जायचंय आणि गाडी त्याला जिकडे नेतेय, यांत दर किलोमीटरला साडेसतरा मीटरची तफावत पडते. यावरून 'टायर किलोमीटरला १७ मीटर आडवा घासतो' असं सांगायची पद्धत आहे. ते ऐकायला झकास आहे, पण रबरावर अन्याय करणारं आहे. रबर लाकडासारखं नुसतं फरपटत जात नाही, ते आधी वाकतं.

खरी गंमत टायर जिथे रस्त्याला टेकतो त्या तळहाताएवढ्या जागेत आहे. तिची लांबी १५ सेंटीमीटर धरू. नक्षीचा एक गट्टू या जागेत पुढून शिरतो, रस्त्याला चिकटतो आणि तिथेच थांबतो. चाक मात्र तिरकं पुढे सरकत राहतं. त्यामुळे गट्टूचं टोक रस्त्यावर आणि मूळ टायरमध्ये, अशी ओढाताण सुरू होते. जागेच्या मागच्या टोकाला पोहोचेपर्यंत हा ताण २.६ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो. पण तिथे टायर वर उचलला जात असल्याने गट्टूवरचा भार कमी होत आलेला असतो, पकड सुटते आणि ताणलेला गट्टू रस्त्यावर खर्रकन घसरत जागेवर येतो. झीज होते ती या शेवटच्या घसरण्यात. त्याआधीचा सगळा प्रवास त्याची तयारी असते. टायरचा घेर २.१ मीटरच्या आसपास धरला, तर किलोमीटरला सुमारे ४७५ फेरे. प्रत्येक फेऱ्याला २.६ मिलिमीटर म्हणजे प्रत्येक गट्टू किलोमीटरला सव्वा मीटरच्या आसपास रस्त्यावर खरवडला जातो. १८,००० किलोमीटरला सुमारे साडेबावीस किलोमीटर! डांबरावर एवढं घासल्यावर काय उरणार?

आणखी एक. कोन दुप्पट झाला की ताणणारं बल दुप्पट होतं आणि घसरण्याचं अंतरही दुप्पट. दोन्हींचा गुणाकार केला, तर घासण्यात जाणारी ऊर्जा चौपट. म्हणून 'थोडासाच तर वाकलाय' यातला थोडासा फार महागात पडतो.

मग चालकाला हे कळत कसं नाही? दोन्ही चाकं सारखीच बाहेर बघत असली, तर डावं डावीकडे ओढतं आणि उजवं उजवीकडे. दोघांची ओढ एकमेकींना मारते. गाडी सरळ चालते, स्टिअरिंग शांत. पाट्या आणि हाउसिंग जागेवर धरणारा सेंटर बोल्ट तुटून अख्खं हाउसिंगच तिरकं सरकलं, तर उलटं होतं: गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते, ओल्या रस्त्यावर पुढच्या-मागच्या चाकांचे ठसे बाजूला पडतात, पण मागची दोन्ही चाकं एकाच दिशेला बघत असल्याने टायर त्यामानाने कमी खाल्ले जातात. दिसायला भयंकर तो बिघाड सौम्य आणि न दिसणारा जबर.

बाकीची कारणं टायरच सांगतो. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर हवा कमी किंवा माल जास्त. ठिकठिकाणी खड्डे पडले तर शॉकअप बघा. एकच चाक झिजतंय आणि ड्रम तापतोय, तर ब्रेक अडकलाय. तिरक्या चाकाची खूण हाताला लागते: नक्षीवरून हात आडवा फिरवा, एकीकडून गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीसारखा टोचतो. नायट्रोजनचं म्हणाल, तर साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. तो हाउसिंग सरळ करत नाही. लिंबूही करत नाही.

दाजींच्या टायरवरून हात फिरवला आणि तो टोचला. मग गाडी खाली उतरवून थोडी पुढे ढकलली, दोन्ही मागच्या टायरवर एकाच उंचीला खडूची खूण केली आणि टेप लावली. हाउसिंग आणि चासी मध्ये येते, म्हणून चाकाच्या मध्यापेक्षा जरा खालून मोजलं. पुढच्या बाजूचं अंतर मागच्यापेक्षा १५ मिलिमीटर जास्त निघालं. दोन चाकांत वाटलं तर प्रत्येकी पाऊण अंशाच्या जवळपास.

हाउसिंग वाकतं कसं? भार पाट्यांवरून हाउसिंगवर येतो आणि चाकं त्याच्याही बाहेर असतात. माल वाढला की मधला भाग खाली दबतो, टोकं वर उचलतात आणि चाकांचे माथे आत झुकतात. आतली कड इथेच खाल्ली जायला लागते. त्यात भरल्या गाडीने खड्डा घेतला की चाकाला मागे धक्का बसतो, टोक मागे वाकतं आणि चाक बाहेर बघू लागतं. एका मर्यादेपर्यंत पोलाद पुन्हा सरळ होतं, त्यापुढे नाही.

"पिंपळगावला जाताना किती क्रेट भरता?"

"एकशेवीस."

क्रेटला २० किलो टोमॅटो धरले तरी २,४०० किलो. गाडीच्या कागदावर क्षमता १,५०० च्या आसपास आहे.

दाजींनी टेप गुंडाळली. "म्हणजे आधी हाउसिंग काढायचं, मग टायर." आणि थोड्या वेळाने, "पण ऐन सीझनमध्ये चाळीस क्रेट बांधावर ठेवून जाऊ का रे?"