सहा वर्षांनंतर काहीच बदलत नाही?

"मुलाचा स्वभाव पहिल्या 6 वर्षांत ठरतो, पुढे आईवडिलांच्या हातात काही उरत नाही," हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. लहानपणी मिळालेल्या मायेचा किंवा धाकाचा परिणाम खरंच राहतो.

पण भावना आवरणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. काही मुलांचा लहानपणापासून तरुणपणापर्यंत माग ठेवणाऱ्या अभ्यासांत बालपणीची जवळीक आणि मोठेपणीचं वागणं यांचा संबंध दिसतो, मात्र माफकच. बरेचजण वाटेत बदलतात. उपजत स्वभाव, मित्र, परिस्थिती यांचाही वाटा असतो. एकाच घरातली भावंडं किती वेगळी निघतात पाहा.

थोडा पडताळा घरीही घेता येतो. 22 वर्षांची लेक फोनवर म्हणते, "नोकरी सोडावीशी वाटतेय." "मी सांगितलंच होतं," म्हटलं की "बरं, ठेवते." त्याऐवजी "काय झालं गं?" एवढंच विचारा आणि ऐकत राहा. पहिल्या फोनला कदाचित फरक पडणार नाही. काही आठवडे असंच करून ती स्वतःहून किती बोलते, ते बघा.