शालेय बलव्यायाम : किशोरांसाठी शाळांना द्यावयाचे पाठबळ

बलव्यायाम म्हणजे स्नायूंना एखाद्या रोधाविरुद्ध काम करायला लावणारा व्यायाम. हा रोध स्वतःच्या शरीराच्या वजनाचा असू शकतो, किंवा रबरी पट्ट्याचा, मेडिसिन बॉलचा, डंबेलचा किंवा बारबेलचा. वजन उचलण्याच्या स्पर्धा आणि शरीरसौष्ठव ही त्याच्याशी नाते असलेली पण वेगळी क्षेत्रे आहेत. शाळेत त्यांची तयारी करून घेणे अपेक्षित नाही. साधारण १२ ते १८ वयाच्या विद्यार्थ्यांना शारीरिक शिक्षणाच्या तासाला असे व्यायाम शिकवता यावेत यासाठी शाळेला बाहेरून जी मदत मिळते, तिला येथे पाठबळ म्हटले आहे. शिक्षकांचे प्रशिक्षण, तयार पाठ, वेळापत्रकातील जागा, थोडे साहित्य आणि पुढचा पाठपुरावा हे सारे तिच्यात येते. यांतले साहित्य सर्वांत आधी विकत घेतले जाते, आणि बाकीचे काही नसेल तर ते खोलीत कुलूपबंद पडून राहते. म्हणूनच या विषयाचा खरा कणा प्रशिक्षित शिक्षक हा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी आठवडाभरात रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम असावेत. पहिला भाग सर्वांना ठाऊक असतो, दुसरा सहसा विसरला जातो. पळणे आणि चेंडूचे खेळ एवढ्यावर व्यायामाचा तास संपतो. जगभरातील ११ ते १७ वयोगटातील सुमारे ८१ टक्के मुले रोजच्या ६० मिनिटांपर्यंतही पोहोचत नाहीत, असे २०१६ पर्यंतच्या आकडेवारीवरून दिसले होते, आणि त्यात मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक होते. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या दहा लाखांहून अधिक तरुणांचा पाठपुरावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सोळा ते एकोणीस वर्षांच्या वयात ज्यांची ताकद कमी भरली होती, त्यांच्यात पुढे अकाली मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. हा संबंध निरीक्षणातून दिसलेला आहे, त्यावरून थेट कारण सिद्ध होत नाही. पण हाडांच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. आयुष्यभरासाठी लागणाऱ्या हाडांच्या वस्तुमानाचा फार मोठा भाग किशोरवय संपेपर्यंत जमा होतो, आणि भार पडला की हाडे अधिक बळकट होतात.

वजन उचलले की उंची खुंटते, हा समज घरोघरी आहे आणि अनेक शाळा त्याच भीतीने मागे राहतात. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची वाढपट्टी (जिथून हाड लांबीने वाढते) असते आणि वाढत्या वयात ती नाजूक असते, हे खरेच आहे. परंतु योग्य देखरेखीखाली, बेताच्या भाराने केलेल्या बलव्यायामामुळे उंची कमी झाल्याचा पुरावा नाही. तज्ज्ञांच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय सहमती-निवेदनानेही हा व्यायाम मुलांसाठी सुरक्षित आणि हितकारक ठरवला आहे. दुखापती होतात त्या बहुतेक निराळ्या कारणांनी : डंबेल पायावर पडणे, बोटे चेमटणे, देखरेख नसताना चढाओढीने पेलणार नाही एवढे वजन उचलणे. लहान मुलांच्या दुखापती मुख्यतः हातापायांना आणि अशाच अपघातांनी झालेल्या आढळतात. म्हणजे धोका आहे तो व्यायामाभोवतीच्या बेशिस्तीत, आणि शिस्त लावणे शाळेला इतर कोणत्याही ठिकाणापेक्षा अधिक जमते. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात (मुलींमध्ये साधारण १२, मुलांमध्ये १४ वर्षांच्या आसपास) हालचाल काही महिने बेढब होते. तेव्हा भार वाढवण्याची घाई न करता पुन्हा ढबीकडे, म्हणजे हालचाल नीट करण्याच्या पद्धतीकडे, वळावे.

यौवनापूर्वी मुलांची ताकद वाढते ती प्रामुख्याने चेतासंस्थेच्या सुधारणेमुळे. मेंदू अधिक स्नायूतंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो आणि त्यांचा ताळमेळ सुधारतो. दंड फारसे भरत नाहीत, तरी ताकद वाढते. यौवनात संप्रेरकांच्या प्रभावाने स्नायूंचे आकारमानही वाढू लागते, मुलग्यांमध्ये ठळकपणे. शिक्षकाने हे समजून घेतले की त्याचा सारा दृष्टिकोन बदलतो. सुरुवातीच्या काळात तो मुलांना एक कौशल्य शिकवत असतो, आणि कौशल्य हे शिकवण्याचे, पाहण्याचे व दुरुस्त करण्याचे काम आहे.

किशोरांचे बलव्यायामातील कौशल्य तपासण्यासाठी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एक चाचणीसंच तयार केला. त्यात सहा हालचाली आहेत : बैठक, पुशअप, लंज (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणे), टांगलेल्या पट्ट्यांना धरून अंग वर ओढणे, उभ्याने वजन डोक्यावर ढकलणे आणि फळीसारखे ताठ राहून आळीपाळीने एकेका हाताने छातीला स्पर्श करणे. शाळेचा अभ्यासक्रम एवढ्या पायावरही उभा राहतो. नवशिक्यांसाठी एक ते दोन आवर्तने, प्रत्येकी ८ ते १५ वेळा, हलक्या भाराने, आठवड्यातून दोन-तीन दिवस आणि मध्ये किमान एक दिवस विश्रांती, हे प्रमाण पुरते. ढब न बिघडता संख्या सहज पूर्ण होऊ लागली की भार ५ ते १० टक्क्यांनी वाढवावा. वर्गात चाळीस मुले आणि शिक्षक एकच असेल, तर वेगवेगळ्या व्यायामांची ठाणी लावून जोड्या कराव्यात. एकाने व्यायाम करायचा, दुसऱ्याने चित्रपत्रिका हातात धरून त्याचे गुडघे, पाठ आणि टाचा पाहायच्या. बघणाराही त्यातून शिकतो आणि रांगेत ताटकळण्याचा वेळ वाचतो.

शारीरिक शिक्षणाच्या कित्येक शिक्षकांची स्वतःची तयारी मैदानी खेळांत झालेली असते. बैठकीत गुडघे आत वळले तर काय सांगावे, हे त्यांना कुणी शिकवलेले नसते. म्हणून प्रशिक्षणात शिक्षकांनी स्वतः व्यायाम करणे, एकमेकांना दुरुस्त करणे आणि एक खराखुरा तास घेऊन पाहणे आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात याच धर्तीवर प्रयोग झाला. १६ माध्यमिक शाळांतील सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांवरील या चाचणीत बाहेरचे प्रशिक्षक न आणता शाळेतल्याच शिक्षकांना तयार करण्यात आले. त्यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांची पुशअपची क्षमता आणि व्यायामातील कौशल्य दोन्ही सुधारली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचे महत्त्व सुधारणेच्या आकड्यापेक्षा ती कुणी घडवली यात आहे. बाहेरचा तज्ज्ञ निधी संपला की जातो, शिक्षक शाळेत राहतो. अर्थात त्याचीही बदली होते, म्हणून एका शाळेतून किमान दोघांना प्रशिक्षण द्यावे. कार्यशाळेनंतर काही आठवड्यांनी कुणीतरी येऊन तास पाहावा, शिक्षकाशी बोलावे. पाठबळाचा हा भाग स्वस्त आहे आणि नेमका तोच गाळला जातो. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात ठराविक तास राखला नाही, तर परीक्षा जवळ येताच पहिली काट यालाच लागते.

संघखेळात मागे पडणाऱ्या, अंगाने जाड असलेल्या मुलांना बलव्यायामात अनेकदा प्रथमच सरशी मिळते, कारण भार ढकलण्या-ओढण्यात त्यांची एकूण ताकद सडपातळ मुलांपेक्षा जास्त भरू शकते. ज्या मुलाला प्रत्येक शर्यतीत शेवटचा नंबर ठरलेला होता, त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे, आणि शाळांनी ती गांभीर्याने घ्यावी. मुलींच्या बाबतीत 'अंग पुरुषी होईल' ही धास्ती आड येते. शाळेतील माफक व्यायामाने तसे काही होत नाही, हे त्यांना व पालकांना आधीच सांगावे. व्यायामाची निवड थोडीफार विद्यार्थ्यांवर सोडली, स्पर्धेऐवजी प्रत्येकाची स्वतःशी तुलना ठेवली, तर मुलीही टिकतात. वर्गासमोर वजन-काटा नको. आरशातल्या देहाविषयी, प्रथिनांच्या पावडरींविषयी आणि स्टेरॉइडच्या धोक्यांविषयी याच तासाला मोकळेपणाने बोलता येते. अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना बसून किंवा रबरी पट्ट्याने करण्याचे पर्याय सुरुवातीपासूनच पाठात असावेत. हृदयविकार, अपस्मार किंवा सांध्यांचा आजार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मूल्यमापनासाठी उभ्याने लांब उडी, ठेक्यावर पुशअप आणि हाताची पकड मोजणारे डायनामोमीटर ही साधी साधने पुरेशी आहेत. एका दमात जास्तीत जास्त किती उचलता येते, अशी चाचणी सर्वसाधारण वर्गासाठी नको. हालचालीच्या गुणवत्तेला स्वतंत्र गुण द्यावेत, नाहीतर मुले संख्येसाठी ढब सोडतात. व्यायाम थांबला की मिळवलेली ताकद काही आठवड्यांत ओसरू लागते, म्हणून दीर्घ सुट्टीसाठी साहित्याविना करता येतील असे चार-पाच व्यायाम लिहून द्यावेत आणि शाळा उघडल्यावर पहिले काही तास सुट्टीपूर्वीच्या भारापेक्षा कमी भाराने घ्यावेत.