जास्त बेअरिंग म्हणजे दणकट रीळ?
कोल्हापुरात पंचगंगेच्या काठावर गळ टाकणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: रिळावर (गळाची दोरी गुंडाळायच्या चाकावर) ‘१०+१ बेअरिंग’ (१० बॉल बेअरिंग आणि १ रोलर बेअरिंग) छापलंय, म्हणजे रीळ नादखुळा दणकट. बेअरिंगमुळे घर्षण कमी होतं, हँडल लोण्यासारखं फिरतं, पण ताकद वाढत नाही. उलट गंजायला जागा वाढतात.

मरळ मासा गळाला लागला की तो सरळ जलपर्णीत घुसतो. अमेरिकेतला बास मासाही तसाच झाडोऱ्यात शिरतो, म्हणून त्याच्यासाठीच्या रिळांचं गणित इथंही चालतं. मासा ओढताना ताण येतो सांगाड्यावर आणि मुख्य गिअरवर. सांगाडा किंचित जरी वाकला तरी गिअरचे दात नीट बसत नाहीत, मग झिजतात. त्यामुळे बघायचं ते अॅल्युमिनियमची एकसंध फ्रेम, पितळी मुख्य गिअर आणि आवळल्यावर न सरकणारा ड्रॅग (मासा ओढत असताना दोरी किती सुटायची ते ठरवणारा ब्रेक). चार-पाच चांगली बेअरिंग पुष्कळ झाली.

७:१ गिअर म्हणजे जास्त जोर, हेही खोटंच. हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल (दोरी गुंडाळली जाते ती चकरी) ७ वेळा फिरतो, ढिली दोरी झटकन गोळा होते. जोर मात्र ५:१ मध्ये जास्त. (दुकानात हँडल रिकामं फिरवून ‘काय स्मूथ आहे!’ म्हणणारे आपण सगळेच.)