कागदात ‘डिसऑनेस्टली’ आलं तर

फिर्याद, नोटीस किंवा दोषारोपपत्र मराठीत करून घ्यायला येणारे बरेच जण या शब्दापाशी अडतात. “आम्हाला बेइमान म्हटलंय” म्हणून चिडतात, नाहीतर “जरा सौम्य करा” म्हणतात. तसं आम्हाला करता येत नाही, म्हणून हा खुलासा.

बोलण्यात हा शब्द माणसाच्या स्वभावाला लागतो, कायद्यात हेतूला. भारतीय न्याय संहितेच्या कलम २(७) प्रमाणे, एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी व्हावी या उद्देशाने केलेलं कृत्य ‘अप्रामाणिकपणे’ केलेलं ठरतं. लाभ-हानी मालमत्तेची. नुसती थाप मारणं त्यात बसत नाही.

चोरीच्या कलमाखाली एक झकास उदाहरण आहे. घड्याळ दुरुस्तीला दिलंय, दुकानदाराचं काही देणं नाही, आणि मालकाने उघडपणे दुकानात शिरून ते हिसकावून नेलं. दांडगाईचा गुन्हा लागेल, पण चोरी नाही. दुरुस्तीचे पैसे थकलेत, त्यापोटी दुकानदाराने घड्याळ रीतसर अडवून ठेवलंय आणि त्याचं तारण बुडवायला मालकाने ते उचललं, तर मात्र स्वतःच्याच घड्याळाची चोरी!

“चार दिवस वापरून परत ठेवणारच होतो” हा बचावही थिटा पडतो. तात्पुरता अपहार हाही अपहारच, असं कलम ३१४ मध्ये स्पष्ट म्हटलंय.

उलट, उसने पैसे फेडता आले नाहीत एवढ्यावरून फसवणूक होत नाही. घेतानाच बुडवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने हे वारंवार सांगितलंय. चेक न वटल्याबद्दलच्या, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातल्या कलम १३८ मध्ये तर ‘डिसऑनेस्टली’ हा शब्दच नाही.

आम्ही ‘डिसऑनेस्टली’ला ‘अप्रामाणिकपणे’ आणि ‘फ्रॉड्युलंटली’ला ‘कपटीपणाने’ लिहितो, अदलाबदल करत नाही. फसवणुकीच्या कलम ३१८ मध्ये दोन्ही शब्द ‘किंवा’ घालून शेजारी येतात. दोन्हींना ‘लबाडीने’ लिहिलं तर वाक्यच कोसळतं.

घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर जुन्या दंड संहितेची कलमं लागतात, तिथे ही व्याख्या कलम २४ मध्ये आहे. घटनेची तारीख कळावी म्हणून सगळी पानं आणा, व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच पानाचा फोटो पाठवू नका. आरोप खरा की खोटा, हे मात्र वकिलांना विचारा.