केसाहून बारीक दोष आणि पिचकणारे नळकांडे

शीतपेयाचा रिकामा, अजिबात पोचा नसलेला ॲल्युमिनियमचा कॅन जमिनीवर उभा ठेवा. भिंतीला धरून, तोल सांभाळत एका पायाने हळूच त्यावर उभे राहा. बहुतेक वेळा कॅन तुमचे वजन पेलतो. मग कुणाला तरी त्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने हलकेच टोचायला सांगा (बोटाने नको, चिमटा बसतो). टोचताक्षणी कॅन चपटा!

या कॅनची भिंत जेमतेम 0.1 मिलिमीटर जाड असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोरेंझ, टिमोशेन्को आणि साउथवेल या अभ्यासकांनी पातळ नळकांडे किती भाराला पिचकेल याचे सूत्र मांडले. त्यात ही जाडी घातली, तर निर्दोष कॅनने सुमारे 270 किलो वजन सोसायला हवे. प्रत्यक्षात तो त्याच्या निम्म्यावरही मान टाकू शकतो. प्रयोगशाळांत पातळ नळकांडी दाबून पाहिली, तेव्हाही हेच दिसले. कुठे निम्मा भार, कुठे जेमतेम पाव. सूत्र चुकीचे नव्हते. ते ज्या नितळ नळकांड्याबद्दल बोलत होते, ते कुठल्याच कारखान्यात तयार होत नाही.

पातळ पत्रा वाकवणे सोपे, ताणणे किंवा दाबून आखूड करणे महाकठीण. गोल भिंत सरळ उभी असते तोवर भार तिला फक्त दाबतो, म्हणून ती एवढी दणकट. पण एखादा भाग जरासा आत गेला, की दाबात साठलेल्या ऊर्जेला वाकण्याची सोपी वाट सापडते. उभी धरून वरून दाबलेली सपाट पट्टी वाकली तरी आपला भार धरून राहते. नळकांड्याची भार पेलण्याची ताकद मात्र एकदम ढासळते आणि भिंतीवर शंकरपाळ्यांसारखे पोचे उमटतात. हे 1941 मध्ये फॉन कार्मान आणि त्सिएन या अभियंत्यांनी दाखवले.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र नेदरलँड्सच्या वॉर्नर कॉइटर यांची. 1945 च्या त्यांच्या डच प्रबंधात दोष किती आणि ताकद किती घटते, याचे गणित होते. इंग्रजी भाषांतर व्हायला पुढे वीसेक वर्षे गेली. त्यांच्या सिद्धांताप्रमाणे भिंतीवर सर्वांत घातक प्रकारच्या, नळकांड्याभोवती फिरणाऱ्या आडव्या वळ्या असतील आणि त्यांची उंची जाडीच्या फक्त एक दशांश असेल, तरी सुमारे 40 टक्के ताकद जाते. आपल्या कॅनच्या बाबतीत ही उंची 0.01 मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी! वळ्या जाडीच्या निम्म्या असतील, तर जेमतेम एक तृतीयांश ताकद उरते.

अग्निबाणाच्या टाक्याही अशीच नळकांडी. नासाच्या 1960 च्या दशकातल्या मार्गदर्शिकेनुसार त्रिज्या जाडीच्या 500 पट असेल, तर सूत्रातल्या भाराच्या सुमारे एक तृतीयांशच हिशेबात धरायचा. सुरक्षित, पण त्यापायी पत्रा जाड होतो आणि वजन वाढते. म्हणून 2011 मध्ये नासाने 8.4 मीटर व्यासाचे खरेखुरे नळकांडे मुद्दाम दाबून पिचकवले. भिंतीचा खरा आकार मोजून घेतला, तर किती भार धरता येईल, हे त्यातून तपासायचे होते. सर्वांत वाईट दोष गृहीत धरण्यापेक्षा समोरचा दोष मोजणे, हाच मला खरा मार्ग वाटतो.

पण प्रत्येक नळकांडे पिचकवून कसे चालेल? 2017 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी भाराखाली असलेल्या कॅनला बाजूने हळूच दाबले आणि भिंत किती जोराने विरोध करते ते मोजले. भार वाढत जातो तसा तो विरोध कमी होत जातो. कॅन अजून ताठ उभा असतानाच तो पिचकायला किती धक्का पुरेल, याचा अंदाज त्यातून येऊ लागतो.